कुंपणावरची मोरवेल मी काढणार नाही

बाबा,

मी तुमचा थोरला मुलगा. वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, पांढरकवड्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेबनीस, आणि वाटणीनंतर गावातल्या आपल्या घराचा व अंगणाचा मालक. हे पत्र लिहिण्याचा हेतू एकच आहे आणि तो सुरुवातीलाच नोंदवून ठेवणे मला योग्य वाटते. अंगण आणि शेत यांच्यामधल्या तारेच्या कुंपणावर मी पांढऱ्या फुलांची मोरवेल वाढवली आहे. ती काढून टाकावी अशी मागणी झाली आहे, आणि ती तुमचे नाव घेऊन झाली आहे. ती मी मान्य करणार नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तुम्ही होता तेव्हा तुमच्यासमोर उभे राहून एवढे सलग मी कधी बोललो नाही, म्हणून आता बोलतो आहे.

मागणी करणारा तुमचा धाकटा मुलगा आहे. वाटणीत शेत त्याच्याकडे गेले, घर माझ्याकडे आले, मागच्या खोल्यांत तो अजून राहतो, आणि मधले कुंपण दोघांचे राहिले. भाद्रपदातली सकाळ होती. मी तारेजवळ उभा राहून वेलीची पाने उलटी करून पाहत होतो. हे काम मी रोज चहाच्या आधी करतो. तुमची सून म्हणते, "तुमच्या येलीपायी मले रोज चहा दोनदा गरम करा लागते. येकदाचं तिच्यासंगच लगन लावून घ्या अन् मले मोकळं करा." त्या दिवशी तिची हाक येण्याआधी शेताच्या बाजूने भाऊ आला. पाठीवर फवाऱ्याचा पंप, तोंडाला रुमाल. रुमाल खाली ओढून तो म्हणाला,

"दादा, हा झाडोरा काढून टाक आता."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? पिठ्या पडला ना माह्या पऱ्हाटीवर. पांढरीफटक झाली. शेंड्यालोक."

तुमच्या काळात ही कीड नव्हती, म्हणून सांगतो. पिठ्या म्हणजे एक मऊ, चपटा ढेकूण. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर असतो, त्यामुळे औषधाचा थेंब त्याच्या कातडीपर्यंत पोचत नाही. तो कपाशीच्या शेंड्यात आणि पेऱ्यात बसून रस पितो. झाड आखडते, बोंडे धरत नाहीत. गेल्या एकदोन वर्षांत तो आपल्या भागात आला.

"तो या वेलीवर आहे का?" मी विचारले.

"गावात सगळे म्हनून राह्यले, पांढऱ्या फुलाच्या झाडावूनच येते म्हून."

"गावाचं राहू दे. तू एक पान उलटं करून मला दाखव."

"पानं पायाले मले येळ नाई दादा. पऱ्हाटी उभी हाय तिकडं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाबा असते तं आतालोक उपटून फेकून देल्ली असती."

ते खरे आहे. तुम्ही उपटून फेकली असती, कारण एकदा तुम्ही तसे केलेच होते.

मी चौथीत आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून गोठ्याच्या खांबापर्यंत एक तार बांधलेली आहे आणि त्या तारेवर आईची मोरवेल चढलेली आहे. आईने ती आपल्या माहेराहून, झरी जामणीकडच्या रानातून आणली. आश्विनात ती इतकी फुलते की चुलीपाशी बसलेल्या आईला खिडकीतून दुसरे काही दिसत नाही. भाकर थापता थापता ती मान वर करून तिकडे पाहते आणि पुन्हा खाली पाहते; हे ती किती वेळा करते याची तिला जाणीव नसावी, मला मात्र आहे. डवरणीचे, म्हणजे बैलांनी पिकात कोळपणी करण्याचे, दिवस आहेत. एका सकाळी बैलजोडीतला डावा बैल दावे सोडवून वेलीपाशी गेला आणि कोवळे शेंडे ओरबाडून खाल्ले. दुपारपर्यंत त्याच्या तोंडाला फोड आले, लाळ गळू लागली, वैरणीला तो तोंड लावेना. तुम्ही शेतातून आलात, बैलाचे तोंड उघडून पाहिले आणि सरळ मागच्या दाराशी गेलात.

आई चुलीवरूनच म्हणाली, "बैल कोनं सुटू देल्ला? येल त्याच्यापाशी नाई गेली, तो येलीपाशी गेला."

तुम्ही म्हणालात, "मंग बैल उपटू काय?"

आई हसली नाही, पण आज मला वाटते की हसण्यासारखे ते होतेच. तुम्ही वेल बुंध्यापासून नुसत्या हातांनी ओढून काढलीत, तिची मुळे उकरलीत आणि सगळे गोठ्यामागच्या खड्ड्यात टाकलेत. मोरवेलीचा चीक बैलाच्या तोंडाला जसा लागतो तसा माणसाच्या हातालाही लागतो. संध्याकाळी तुमच्या दोन्ही तळव्यांना फोड होते. भाकर चुरताना तुम्ही बोटे आखडून घेत होतात. आईने न विचारता तुपाची वाटी तुमच्या ताटाशी सरकवली. बैल चार दिवसांत बरा झाला. त्या तारेवर मात्र आईने पुढे कधी लुगडेसुद्धा वाळत घातले नाही.

बैलाची बाजू मी नाकारत नाही. डवरणीच्या दिवसांत एक बैल बसणे म्हणजे काय, हे मला शेत न करताही कळते. बैलाच्या दाव्याची गाठ तपासता आली असती, वेलीभोवती काट्यांचे आळे करता आले असते, किंवा तार गोठ्याकडून काढून विहिरीकडे नेता आली असती. हे तीन उपाय मला चौथीत सुचले होते. तुम्हाला सुचले नसतील असे मी मानत नाही. तुमच्या नियमात ते बसत नव्हते. जमिनीवर जे उभे आहे त्याने कामाचे असले पाहिजे, हा तुमचा नियम. शेवगा कामाचा, बाभूळ कामाची, पऱ्हाटीची वाळलेली काडीसुद्धा कामाची. वेलीकडे बोट दाखवून तुम्ही नेहमी एकच विचारायचात, "हे कायच्या कामाचं हाय?" आईला त्याचे उत्तर देता आले नाही. मला आजही देता येत नाही, आणि माझे म्हणणे असे आहे की मी ते देणे लागत नाही.

मला आठवणारा दुसरा दिवस कॉलेजच्या पहिल्या सुट्टीतला. तुम्ही मला सरकी टोबायला नेले. मी दोरी लावून, अंतर मोजून, प्रत्येक खड्ड्यात सारखे बी टाकले. फक्त खोली जास्त झाली. वर पाऊस झाला, काळी माती बसली आणि माझ्या ओळी उगवल्याच नाहीत. शेजारच्या शेतातली माणसे दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभी असताना तुम्ही म्हणालात, "तुह्या हातानं गाजर गवतई उगवनार नाई. तू आपला आकडे लिव." लोक हसले. तुम्हीही हसलात, त्यामुळे तो राग नव्हता हे मला कळले, आणि म्हणूनच ते अधिक लागले. रागाने बोललेले माणूस मागे घेऊ शकतो. मी आकडे लिहिले. तीस वर्षे इतरांच्या कापसाचे आकडे लिहिले, त्यांत कधी चूक निघाली नाही, आणि ही वेल लावेपर्यंत अंगणात एक तुळससुद्धा मी स्वतःच्या हाताने लावली नाही.

आता या हाताने काय उगवले आहे ते ऐका.

आईच्या माहेरी एका लग्नाला गेलो होतो. परतताना जंगलाच्या रस्त्यालगत बोराटीवर मोरवेल चढलेली दिसली. मी बस थांबायच्या जागेवरून मागे चालत गेलो, फांद्या कापल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि पुढची बस धरली. कंडक्टरने पोत्यातून बाहेर आलेली फुले पाहून विचारले, "काका, लगनाहून येऊन राह्यले का मयतीले चालले?" मी दोन्हीपैकी काही नाही असे सांगितले. त्या साऱ्या फांद्या पुढच्या पावसाळ्यात मेल्या. मी त्या सरळ काळ्या मातीत लावल्या होत्या. आपली माती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात फाटते. पहिल्यात मोरवेलीचा बुंधा काळा पडून कुजतो, दुसऱ्यात मुळे तुटतात. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी गुडघाभर खोल खड्डा घेतला, तळाला विटांचे तुकडे, त्यावर मुरूम आणि कुजलेले शेण मिसळलेली माती, आणि खड्ड्याचे तोंड जमिनीपेक्षा वीतभर उंच. कलम तिरपे ठेवले, दोन पेरे मातीखाली जातील असे. वेलीला डोक्यावर ऊन लागते, मुळांना चालत नाही. म्हणून बुंध्याशी चपटे दगड रचले आणि पळसाची पाने अंथरली. या वेलीला आकडे नसतात, चिकट मुळेही नसतात. तिच्या पानाचा देठच आधाराभोवती वेढा घालतो आणि मग लाकडासारखा कडक होतो. जाड खांबाला तो वेढा बसत नाही, म्हणून मी तारेपासून तारेपर्यंत सुतळी बांधली. फुलोरा सरला की माघात मी तिला गुडघ्यापर्यंत छाटतो. पहिल्या वर्षी छाटण्याआधी मी विळा तीनदा खाली ठेवला, हे तुमच्या सुनेने पाहिले आणि सगळ्यांना सांगितले.

किडीचे सांगतो, कारण वाद किडीचा आहे. कोवळ्या शेंड्यावर मावा येतो. तो मी पाण्याने धुऊन काढतो. उन्हाळ्यात पानामागे लाल कोळी येतात. त्यासाठी सकाळी पानांवर खालून पाणी मारतो आणि मातीला कोरड पडू देत नाही. पावसाळ्यात गोगलगायी कोवळा कोंब जमिनीलगत कातरतात; त्या उजाडता उजाडता हाताने वेचतो आणि बुंध्याभोवती राखेचे आळे ठेवतो. अळी दिसली तर ते पान तोडतो. मुंगळे वर चढू नयेत म्हणून खांबांना तेलकट चिंधी बांधली आहे, कारण रस पिणाऱ्या किडीला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेऊन बसवण्याचे काम मुंगळेच करतात. याउपर गरज पडली तर निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, चिमूटभर साबण घालून फवारायच्या. दुकानातले औषध मी अंगणात आणलेले नाही आणि आणणार नाही. तुमच्या काळात औषधाची बाटली म्हणजे पिकाची गोष्ट होती. या वर्षांत आपल्या जिल्ह्यात ती घरात कोणत्या फळीवर ठेवली आहे, हे घरातल्या बायका झोपण्याआधी पाहतात. याहून अधिक त्याबद्दल मी लिहिणार नाही.

अशा दिवसांत फुलांची वेल वाढवणे लोकांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. बसमध्ये मला ऐकू येईल अशा बेताने कोणी म्हणाले आहे, "साहेबाचं बरं हाय, फुलं पाहून पोट भरते." कारखान्यात गाड्यांची रांग निम्मी झाली, मजूर दुपारीच घरी जातात, आणि गावात जे पेरले त्या प्रत्येकाला तू काय देणार असे विचारले जाते. तुमचा नियम आता सगळ्या जिल्ह्याचा नियम झाला आहे. त्या नियमाने जिल्ह्याचे काय भले झाले, हे मला दिसत नाही.

तर, भाऊ. तो निघून चालला होता. मी त्याला थांबवले आणि म्हटले, मी फावल्या वेळचा माणूस नाही आणि तूही नाहीस, पण अर्धा तास दे. तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल पाहू. तिच्यावर पिठ्या सापडला तर मी आज कापतो. त्याने पंप खाली ठेवला. आम्ही दोघे तारेच्या दोन बाजूंनी, समोरासमोर, पाने उलटीत चाललो. लहानपणी आपल्या ताटातले खडे वेचावेत तसा तो चिडून वेचत होता. कुठे कोळ्याचे जाळे, कुठे मावा खाणाऱ्या ढालकिड्याची अळी, एका ठिकाणी मावा. पिठ्या नाही.

"मंग कुठून आला तो?" तो म्हणाला, जणू मी लपवून ठेवला होता.

मी त्याला विचारले, कपाशीच्या कोणत्या तासांना, कोणत्या ओळींना, आधी लागला? त्याने हात केला. वेल कुंपणाच्या पूर्ण लांबीवर आहे. तिच्यातून कीड गेली असती तर कुंपणालगतची सगळी तासे बिघडायला हवी होती. बिघडली होती ती फक्त एका कोपऱ्यातली, अर्ध्या भाकरीच्या आकारात. आणि त्या अर्ध्या भाकरीच्या सरळ कडेवर, मधोमध, तारेच्या अंगणाकडच्या बाजूला, तुमची गंजी होती.

ही गंजी मला तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण मला स्वतःलाच एकदा नीट लिहून काढायची आहे. वेचणी संपली की पऱ्हाटी चिमट्याने उपटायची, जुड्या बांधायच्या आणि घराच्या कोपऱ्याला रचायच्या, वर्षभराचे जळण. गावात सगळेच रचतात. मुलगी पाहायला आलेले पाहुणे दारात शिरण्याआधी गंजीकडे पाहतात, हे तुम्हीच सांगायचात. पण आपल्या घरची पद्धत एका बाबतीत वेगळी होती. तुमच्या नावावर शेत झाले त्या पहिल्या वर्षीच्या पऱ्हाटीचा थर तुम्ही तळाला घातलात आणि तो कधी मोडायचा नाही असे घरात सांगितलेत. ती घरची लक्ष्मी. जळण वरून काढायचे, नवे वर रचायचे, तळाला हात लावायचा नाही. दसऱ्याला आई तिथे हळदकुंकू वाहायची. तुमच्यामागे भावाने ते जसेच्या तसे चालवले. दोन पिढ्या कोणी गंजीचा तळ पाहिलेला नव्हता.

मी पाहिला. खाली बसून, जुड्या जरा ओढून. तळचा थर भुसा झाला होता आणि त्या भुशात मुंगळ्यांचे वारूळ होते. वरच्या, गेल्या हंगामाच्या काड्यांच्या सालीखाली पांढरे पीठ होते. तिथून मुंगळ्यांची एक ओळ तारेखालून निघून सरळ कपाशीच्या पहिल्या तासात गेली होती. भाऊ माझ्याशेजारी उकिडवा बसला. त्याने बोट त्या ओळीवरून तारेपर्यंत नेले. मग म्हणाला, "बाबाची गंजी हाय दादा."

"हो," मी म्हटले, "बाबांचीच आहे."

त्याची बायको तोवर मागच्या दारात आली होती. ती माझ्याशी थेट बोलत नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बोलू नये, ही रीत ती अजून पाळते. माझ्यापासून पाच हातांवर, डोक्यावर पदर घेऊन, ती नवऱ्याला म्हणाली, "इचारा तुमच्या दादाले, गंजी मोडल्यावर चूल काय त्यायच्या फुलानं पेटवू?"

मी भावाला म्हटले, "तिला सांग, विहिरीकडची वठलेली बाभूळ मी तोडून देतो. पाऊस निघेपर्यंत पुरेल."

"सांगा त्यायले," ती त्याला म्हणाली, "फोडून देत असन तं बोला. माह्याच्यानं बाभूळ फुटत नाई."

भाऊ दोघांच्या मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "आता मलेच सांगू द्या दोघंई, का मी जाऊ?"

बाभूळ मी मजूर लावून फोडून दिली. गंजी आम्ही दोघांनी मोडली. काड्या वाहून शेतात पसरू नयेत, नाहीतर कीडही पसरते. म्हणून जागेवरच, वारा पडलेला पाहून, भर दुपारी पेटवल्या. तळच्या थरापर्यंत आल्यावर भाऊ थांबला. आगकाडी त्याच्या हातात होती, त्याने ती माझ्याकडे केली. ती ओढून मी लावली. तुमची लक्ष्मी मी जाळली, बाबा, हे भावावर टाकू नका. ती जळताना मला वाईट वाटेल असे वाटले होते. वाटले नाही. आईने इतकी वर्षे हळदकुंकू वाहिले ते कशावर, एवढे मात्र मनात आले, आणि वाटले की निदान तिला तरी या तळाला हात लावायची परवानगी तुम्ही द्यायला हवी होती.

कोपऱ्यातली तासे भावाने उपटून त्याच आगीत टाकली. उरलेल्या पिकाला निंबोळीचा फवारा दिला. आधी हसला, मग माझ्याकडून निंबोळ्या नेल्या. पीक सगळे वाचले असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. बरेच वाचले. वेलीवरचा त्याचा संशय मात्र पुरता गेला नाही. आग विझल्यावर त्याने हात धुतले आणि म्हणाला, "ठीक हाय दादा, राहू दे तुही येल. पन यक जरी पिठ्या तिच्यावर दिसला, तं मी इळा घेऊन येईन. मंग बोलू नोको."

मी म्हटले, "तुला यावं लागणार नाही. मीच कापीन." हे मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले, त्याची बायको ऐकत होती, माझी बायको ऐकत होती.

आता वेल पूर्ण फुलली आहे. पावसाळा निघाला, सकाळी दव पडते, आणि कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे आहे. रस्त्यावरून जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून पाहतात. गावातल्या ज्या बायका माझ्या घरी पूर्वी कधी आल्या नाहीत, त्या तारेशी येऊन उभ्या राहतात आणि तुमच्या सुनेला विचारतात, कुठून आनली बाई? "तुम्ही हिले कायच्या कामाची म्हनून कोनाले सांगता?" असे तिने मला परवा विचारले. मी म्हटले, कोणी विचारलेच नाही. खरोखरच कोणी विचारले नाही. तुम्ही विचारणारे शेवटचे होता.

मी काय मान्य करतो आणि काय नाही, ते पुन्हा लिहितो. बैलाला त्रास झाला, मान्य. तुमच्या हातांना फोड आले आणि तुम्ही ते सोसलेत, मान्य; आणि ते सोसणे मला आवडले होते, हेही. माझ्या ओळी उगवल्या नव्हत्या, मान्य. पण जे कामाचे नाही ते उपटावे, हे अमान्य. आईने न बोलणे म्हणजे तिचा होकार होता, हे अमान्य. माझ्या हाताबद्दल तुम्ही चार माणसांत जे म्हणालात ते अमान्य, आणि त्याचा पुरावा कुंपणावर आहे. तुम्हाला येऊन पाहता येत नाही, याला माझा इलाज नाही.

एवढे लिहून मी पत्र संपवणार होतो. आज सकाळी मात्र मधल्या खांबाजवळ, जिथे तेलकट चिंधी सुटून खाली आली होती, तिथे एका पेऱ्यात मला तीन पांढरे ठिपके दिसले. भिंग आणून पाहिले. पिठ्याच होता. मी ते अंगठ्याने चिरडले, अंगठा मातीला पुसला, चिंधी पुन्हा बांधली, आणि मग शेताकडे पाहिले. भाऊ पाठमोरा होता, वेचणी करीत होता.

मी शब्द दिला आहे, आणि दिलेला शब्द मी कधी मोडलेला नाही. मी भावाला सांगणार आहे आणि विळाही मीच चालवणार आहे. फक्त आज नाही. मोरवेलीच्या फुलामागे बी धरते, त्याला पांढरे पीस फुटते, आणि पौषातल्या वाऱ्यात ते पीस बीसकट उडून जाईल तिकडे जाते. तोवर रोज सकाळी एकेक पान मी पाहीन. शेतात एकही कीड तारेपलीकडे जाऊ देणार नाही. बी सगळे उडून गेले, धुऱ्यावर, बोराटीवर, तुमच्या जाळलेल्या गंजीच्या जागेवर, कुठेही, की त्या दिवशी मी भावाला बोलावीन आणि खरे सांगीन. हे पत्र मात्र मी त्याला दाखवणार नाही, आणि तुम्हाला तर ते पोचणारच नाही.

तुमचा थोरला मुलगा
ता. केळापूर, जि. यवतमाळ
कोजागिरीनंतरचा रविवार, २००८